लग्न हे औषध नव्हे

मराठीत ‘वेड’ हा शब्द दोन अर्थांनी चालतो. प्रेमात पडलेल्याला वेड लागले असे कौतुकाने म्हटले जाते, आणि ज्याचे मन आजारी पडले त्यालाही वेड लागले असेच म्हटले जाते. पहिल्याकडे पाहून डोळे मिचकावतात, दुसऱ्याकडे पाहून दार लावून घेतात. २०२२ साली मराठीत प्रचंड चाललेल्या एका चित्रपटाचे नावच ‘वेड’ होते आणि त्याचा विषय अर्थातच प्रेम हा होता. या शब्दाच्या गमतीत एक प्रश्न दडलेला आहे आणि तो फारसा कोणी विचारीत नाही. ज्याला दुसऱ्या अर्थाचे वेड लागले आहे, त्याला पहिल्या अर्थाचे वेड लागण्याचा हक्क आहे काय? मनाच्या आजाराने ग्रासलेल्या स्त्रीपुरुषांनी प्रेम करावे, हसावे, रुसावे, संसार मांडावा आणि तो इतरांच्या संसाराइतकाच बरावाईट चालावा, हे समाजाला मान्य आहे काय?

अनसिंग हे वाशिम तालुक्यातील, वाशिमहून पुसदकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे मोठे गाव. सोयाबीन, तूर आणि कापूस यांवर जगणाऱ्या या मुलखात, आणि तसे पाहिले तर साऱ्या महाराष्ट्रातच, तरुण मुलाचे मन बिघडले की सोयऱ्याधायऱ्यांच्या तोंडी एक उपाय हमखास येतो : ‘पोराचे दोनाचे चार हात करून द्या, आपोआप ताळ्यावर येईल.’ मग दूरच्या गावची, बहुधा गरीब घरची मुलगी पाहिली जाते. तिच्या आईबापांना आजाराचा पत्ता लागू दिला जात नाही. मुलाच्या गोळ्या लपविल्या जातात. पुष्कळदा लग्नाच्या धामधुमीत त्या बंदच होतात, कारण नव्या नवरीच्या देखत गोळ्या घ्यायच्या कशा? जागरणे होतात, ताण वाढतो, औषध तुटलेले असते, आणि काही महिन्यांतच आजार उलटतो. मग दोष मुलीच्या पायगुणाला. आजारी असलेली मुलगीच असेल तर हिशेब याहून निष्ठुर असतो. आजार उघड होताच तिला माहेरी आणून सोडतात, आणि माहेरही थकले की तिची वाट मनोरुग्णालयाकडे किंवा रस्त्याकडे जाते. लग्न हे औषध आहे ही समजूत अशा रीतीने दोन माणसांची आयुष्ये नासवते, आणि त्यांतले एक आयुष्य बहुतेक वेळा स्त्रीचे असते.

ही समजूत केवळ अडाणीपणातून आली असे म्हणून मोकळे होता येणार नाही. शिकल्यासवरल्या शहरी प्रेक्षकांसाठी बनलेल्या हिंदी चित्रपटाने तीच समजूत पन्नास वर्षे रंगवून विकली आहे. १९६९ सालच्या ‘खामोशी’त परिचारिका राधा ही रुग्णावर प्रेम करण्याचा अभिनय करते, कारण त्या रुग्णालयातील डॉक्टरांच्या मते प्रेम हाच उपचार आहे. एक रुग्ण बरा होऊन निघून जातो. दुसराही बरा होतो, पण राधाचे स्वतःचे मन मोडते आणि ती त्याच रुग्णालयात रुग्ण म्हणून बंद होते. वहिदा रहमान यांच्या अभिनयामुळे हा चित्रपट उंचीला गेला हे खरे, आणि असित सेन या दिग्दर्शकाने स्त्रीचे शोषण निदान दाखविले तरी. पुढच्याच वर्षी आलेल्या ‘खिलौना’त तेवढीही शंका उरली नाही. वेडा झालेल्या श्रीमंत घरच्या मुलाला बरा करण्यासाठी एका नाचणाऱ्या स्त्रीला त्याची बायको म्हणून घरी आणून ठेवले जाते. ती अत्याचार सोसते, सेवा करते; तो बरा होतो तेव्हा तिला ओळखतही नाही. या त्यागासाठी प्रेक्षकांनी रुमाल भिजवले आणि मुमताज यांना पारितोषिक मिळाले. अनसिंगच्या घरात सून आणताना जो विचार होतो, तोच विचार मुंबईच्या चित्रशाळेत झाला होता : पुरुषाचा आजार हा प्रश्न आणि स्त्री हे त्याचे औषध. औषधाला कोणी विचारीत नाही की तुझी इच्छा काय.

जेथे अश्रू नव्हते तेथे हसू होते, आणि ते हसूही रुग्णांचे नव्हते. त्याच १९७० साली आलेल्या ‘पगला कहीं का’ या चित्रपटात शम्मी कपूर यांचा नायक वेड्याचे सोंग घेऊन वेड्यांच्या इस्पितळात दाखल होतो. त्या काळी इस्पितळातील वेडे म्हणजे प्रेक्षकांना हसविण्याचे हुकमी साधन होते. कोणी स्वतःला राजा समजतो, कोणी उगाच नाचतो, कोणी भलत्याच वस्तूशी बोलतो. आणि खुर्चीत बसलेला शहाणा प्रेक्षक आपल्या शहाणपणाची खात्री पटून हसतो. पुढे काळ बदलला तरी सवय गेली नाही. २०१९ साली एका हिंदी चित्रपटाचे नाव ‘मेंटल है क्या’ असे ठरले होते. भारतातील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने त्यास हरकत घेतली, तेव्हा ते ‘जजमेंटल है क्या’ असे बदलले गेले. नाव बदलणे सोपे गेले. ते मुळात सुचले आणि खपेल असे वाटले, याला कारण असलेली दृष्टी बदलणे अधिक अवघड आहे.

या बाबतीत मराठी चित्रपटाने हिंदीपेक्षा अधिक प्रामाणिकपणा दाखविला, हे अभिमानाने नमूद केले पाहिजे. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘देवराई’ २००४ साली आला. अतुल कुलकर्णी यांनी उभा केलेला शेष हा स्किझोफ्रेनियाने आजारी असलेला कोकणातला तरुण हास्यास्पद नाही आणि भीतिदायकही नाही. तो बुद्धिमान, हळवा आणि आपल्या भ्रमात अडकलेला माणूस आहे. त्याला प्रेमाच्या चमत्काराने बरे केले जात नाही. उपचार, बहिणीच्या घरातली ओढाताण आणि वेळ या तिन्हींचा हिशेब तेथे मांडलेला आहे. या चित्रपटाशी पुण्याची स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन ही संस्था निगडित होती. ती संस्था स्थापणारे डॉ. जगन्नाथ वाणी हे कॅनडात कॅलगरी येथे प्राध्यापक होते. पत्नीच्या दीर्घ आजारात त्यांनी तिची साथ सोडली नाही आणि त्या अनुभवातून हे काम उभे केले. पुढे याच दिग्दर्शकद्वयाच्या ‘कासव’ या नैराश्यावरील चित्रपटास २०१६ या वर्षासाठी सर्वोत्कृष्ट भारतीय चित्रपटाचे सुवर्णकमळ मिळाले. आत्महत्येच्या कड्यावरून परतलेल्या तरुणाला येथे परकी माणसे सांभाळतात, त्याला प्रश्न विचारीत नाहीत आणि घाईही करीत नाहीत. कवचात शिरलेल्या कासवाला काठीने डिवचून बाहेर काढता येत नाही, हे भावे-सुकथनकर यांनी शांतपणे सांगितले.

तथापि या दोन्ही चित्रपटांचा स्वर गंभीर आहे. रुग्ण येथे सहानुभूतीचा विषय आहे. त्याला सांभाळणारे कोणी ना कोणी शहाणे माणूस शेजारी उभे आहे. दोन रुग्ण समोरासमोर बसले आहेत, एकमेकांची थट्टा करीत आहेत, एकमेकांवर रागावत आहेत आणि हळूहळू एकमेकांच्या प्रेमात पडत आहेत, अशी साधी, हसरी प्रेमकथा मराठी पडद्याने ठळकपणे अजून मांडलेली नाही. ती मागणे म्हणजे चैन मागणे, असे कोणाला वाटेल. पश्चिम विदर्भात शेतकरी गळफास घेत असता प्रेमाच्या गमतीजमतींचे चित्रपट कसले मागता, असा आक्षेप कार्यकर्त्यांतूनच येऊ शकेल. आक्षेप प्रामाणिक आहे, म्हणून त्याचे उत्तर नीट दिले पाहिजे.

२००६ साली पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी विदर्भाच्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची मदत जाहीर केली. वाशिम त्यांतला एक होता. कर्ज, व्याज, सिंचन, बियाणे यांचा विचार त्यात होता आणि तो हवाच होता. आत्महत्येचे मूळ शेतीच्या लुटीत आहे, हे विसरून केवळ समुपदेशनाची मात्रा चाटविणे ही शेतकऱ्याची फसवणूक ठरेल. परंतु कर्जाने खचलेले मन जेव्हा खरोखर आजारी पडते, झोप उडते, भूक मरते, जगण्यात अर्थ वाटेनासा होतो, तेव्हा तो माणूस आपल्या घरातल्यांनाही हे सांगत नाही. का सांगत नाही? ‘वेडा’ हा शिक्का बसेल म्हणून. शिक्का बसला की बहिणीचे लग्न अडेल, मुलाला मुलगी मिळणार नाही, म्हणून. मनाच्या आजाराचे गुपित विवाहाच्या बाजारपेठेत सर्वांत घट्ट बांधलेले असते. त्यामुळे आजारी माणसालाही प्रेम मिळू शकते आणि संसार करता येतो, हे ज्या दिवशी लोकांना डोळ्यांनी दिसेल, त्या दिवशी दवाखान्याची पायरी चढण्याची भीती निम्मी होईल. हसऱ्या प्रेमकथेचे महत्त्व येथे आहे. दुःखाची कथा लोकांना हळहळायला लावते. पण ‘हे आपल्या घरातही घडू शकेल आणि घडले तरी आयुष्य संपत नाही’ हे हसू अधिक सहजपणे पटवते.

अमेरिकेत २०१२ साली आलेला ‘सिल्व्हर लायनिंग्ज प्लेबुक’ हा या प्रकारचा गाजलेला चित्रपट. नायकाला द्विध्रुवीय विकार आहे, म्हणजे कधी उन्मादाची लाट तर कधी नैराश्याची. तो नुकताच मनोरुग्णालयातून घरी आला आहे. नायिका तरुण विधवा आहे आणि तीही कोसळून सावरते आहे. त्यांच्या पहिल्या भेटींपैकी एका प्रसंगी जेवणाच्या टेबलावर, यजमान अवघडून बसले असता, ही दोघे आपण कोणकोणती औषधे घेतली आणि त्यांनी डोके कसे जड होत असे याची चर्चा रंगवतात. प्रेक्षक हसतो, पण या वेळी तो त्यांना हसत नाही, त्यांच्यासह हसतो. लपविण्याजोगी गोष्ट उघड्यावर आली आणि तीच ओळखीचा धागा झाली. अनसिंगमधल्या लग्नात जे सर्वांत आधी लपवितात, तेच येथे दोघे सर्वांत आधी सांगतात. दोघेही आजारी असल्याने कोणीच कोणाचे औषध नाही. ती त्याच्यासाठी त्याग करीत नाही. ती व्यवहार करते, रागावते, अटी घालते. ‘खिलौना’तील स्त्रीला जे नाकारले गेले होते ते हेच.

अर्थात हा चित्रपटही बाजारासाठी बनलेला आहे आणि त्याची मर्यादा तेथेच आहे. शेवटी नृत्यस्पर्धा होते, गैरसमज मिटतो, चुंबन होते आणि आजार जणू पडद्याआड जातो. नायकाला राहायला आईबापांचे घर आहे. पोटाची भ्रांत त्याला नाही. प्रेम जमले म्हणजे सारे जमले हा प्रेमकथेचा जुना नियम तो मोडू शकत नाही. प्रत्यक्षात प्रेम जमल्यानंतरच खरे प्रश्न सुरू होतात. लिथियम घेणाऱ्याला रक्ताची तपासणी ठराविक मुदतीने करावी लागते. ती कोठे करायची? मनोविकारांवरील काही औषधांनी वजन वाढते, काहींनी शरीरसुखाची इच्छा मंदावते. नवराबायकोंनी हे कोणाशी बोलायचे? व्हॅल्प्रोएटसारखे औषध गर्भाला अपाय करते. मूल हवे असणाऱ्या स्त्रीला हे वेळेवर कोण सांगणार? आणि या सर्वांआधीचा प्रश्न : कमवायचे काय आणि राहायचे कोठे?

हा शेवटचा प्रश्न हसतखेळत विचारणारा चित्रपट इटलीत झाला, आणि त्याचा नायक कामगार संघटनेचा कार्यकर्ता आहे, हे या साप्ताहिकाच्या वाचकांनी लक्षात घ्यावे. फ्रँको बाझालिया या डॉक्टरांनी ट्रिएस्ट शहराच्या मनोरुग्णालयात १९७१ पासून एक साधा प्रश्न लावून धरला होता. रुग्ण इस्पितळाची झाडलोट करतात. त्याला ‘उपचार’ म्हणतात म्हणून मजुरी द्यायची नाही, हे कोणत्या न्यायात बसते? त्यातून रुग्णांची सहकारी संस्था उभी राहिली आणि त्याच कामाला पगार मिळू लागला. १९७८ साली इटलीच्या संसदेने १८० क्रमांकाचा कायदा करून जुनी वेड्यांची इस्पितळे बंद करण्याचा मार्ग धरला. २००८ सालचा ‘सी पुओ फारे’, म्हणजे ‘हे करता येते’, हा चित्रपट त्या काळातला आहे. संघटनेतून बाजूला सारलेला एक कार्यकर्ता इस्पितळातून सुटलेल्यांच्या सहकारी संस्थेवर पाठविला जातो. दयेपोटी मिळालेली पाकिटे चिकटविण्याची कामे सोडून तो त्यांना बाजारात टिकेल असे काम करायला लावतो, सभा घेतो, मतदानाने निर्णय करतो. आणि ही माणसे लाकडी फरशी बसविण्यात निष्णात होतात. औषधांची मात्रा कमी झाल्यावर त्यांच्या मनात आणि शरीरात इच्छाही जाग्या होतात. त्यांतला एक तरुण, ज्या घरी काम केले तेथल्या मुलीच्या प्रेमात पडतो. तिच्या मनात प्रेम नसून केवळ दया होती हे कळल्यावर तो जीव देतो.

विनोदी चित्रपटात ही घटना धक्का देणारी आहे, आणि त्या धक्क्यातच त्या चित्रपटाचे शहाणपण आहे. मजुरी मिळाली, मान मिळाला, तरी समाजाने समान माणूस म्हणून पाहण्याची शेवटची पायरी राहिली होती आणि तेथेच तो तरुण पडला. दया ही वरून खाली येणारी गोष्ट आहे. प्रेम बरोबरीच्या माणसांत होते. समाजवादाची सारी मांडणीच ज्या समतेवर उभी आहे, तिची इतकी कठोर परीक्षा दुसरीकडे क्वचितच होत असेल.

हे सारे परदेशातले, असे म्हणण्याचे कारण उरलेले नाही. चेन्नईच्या किलपॉक भागातील मानसिक आरोग्य संस्था १७९४ साली स्थापन झालेली आहे. २०२२ साली ऑक्टोबरच्या अखेरीस, सव्वादोनशेहून अधिक वर्षांच्या तिच्या इतिहासात प्रथमच, तेथे उपचार घेणाऱ्या एका पुरुषाचे आणि एका स्त्रीचे एकमेकांशी लग्न झाले. राज्याचे आरोग्यमंत्री त्यास उपस्थित होते. दोघांनी एकमेकांना आधी ओळखले होते, एकमेकांचे आजार त्यांना ठाऊक होते आणि संस्थेतच त्यांना काम देण्याची व्यवस्था झाली. वृत्तपत्रांनी ही बातमी कौतुकाने छापली. कौतुकाच्या मागे जी सामग्री होती तिकडे लक्ष गेले पाहिजे : उपचार, कमाई, डोक्यावर छप्पर आणि दोघांनाही ठाऊक असलेले सत्य. या चार गोष्टी एकत्र आल्या म्हणून ती प्रेमकथा झाली. या चारांपैकी एकही नसताना केलेले लग्न म्हणजे अनसिंगची ती अभागी कथा.

कायदा या बाबतीत कोठे उभा आहे? १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या पाचव्या कलमानुसार, संमती देण्यास असमर्थ असलेल्या, किंवा विवाहास आणि संततीस अपात्र ठरावी इतक्या मानसिक विकाराने पीडित असलेल्या व्यक्तीचे लग्न आव्हान देण्याजोगे ठरते, आणि गंभीर मानसिक विकार हे घटस्फोटाचेही कारण आहे. फेफऱ्याचाही या कलमात समावेश होता. तो १९९९ साली काढून टाकावा लागला, कारण ती अट अन्यायाची होती हे उशिरा का होईना पटले. मात्र ‘स्किझोफ्रेनिया’ हा शब्द उच्चारला की घटस्फोट मिळतो, अशी जी समजूत आहे ती चुकीची आहे. आजाराचे नाव पुरेसे नसून त्याची तीव्रता पाहिली पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ सालीच म्हटले आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने याहून पुढचे पाऊल टाकले. मानसिक आजार आहे एवढ्यावरून माणूस ‘वेडा’, म्हणजे निर्णयास असमर्थ, ठरत नाही, असे त्याच्या तिसऱ्या कलमात स्पष्ट लिहिले आहे. त्याच कायद्याने रुग्णाला साखळदंडाने बांधण्यास बंदी घातली, समाजात राहण्याचा हक्क दिला, आणि सरकारी खर्चाने चालणारी मानसिक आरोग्य सेवा मिळविण्याचा हक्क दिला. ही सेवा जिल्ह्यात उपलब्ध नसेल तर अन्यत्र घेतलेल्या उपचाराचा खर्च सरकारने भरून द्यावा, इथपर्यंत त्यात तरतूद आहे.

कागदावरचा हा हक्क अनसिंगपर्यंत किती पोचला, हा कार्यकर्त्यांनी विचारायचा प्रश्न आहे. विदर्भासाठीचे सरकारी मनोरुग्णालय नागपूरला, अनसिंगहून दोनशे किलोमीटरांपेक्षा अधिक अंतरावर. मजुरी बुडवून, एसटीचे भाडे भरून, उन्मादात असलेल्या माणसाला सांभाळत एवढा प्रवास कोण करणार? त्यापेक्षा बुलढाणा जिल्ह्यातील सैलानी बाबांचा दर्गा जवळचा वाटतो. तेथे वर्षानुवर्षे मनोरुग्णांना घेऊन कुटुंबे जातात, कारण तेथे कोणी त्यांना हाकलीत नाही. त्या श्रद्धाळूंची टिंगल करणे सोपे आहे, पण सरकारी दवाखान्याने जो दिलासा दिला नाही तो शोधायलाच ते तेथे गेलेले असतात. भूत उतरविण्याच्या नावाखाली बांधणे आणि मारहाण करणे हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, आणि त्या कायद्यासाठी डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी प्राण वेचले. गुन्हा थांबवायचा तर पर्यायही हाताशी दिला पाहिजे.

पर्याय अशक्य नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात असे आढळले की निरनिराळ्या मानसिक विकारांत ७० ते ९२ टक्के रुग्णांना उपचार मिळत नाहीत. परंतु अमरावती जिल्ह्यातील ३० खेड्यांत ‘विश्राम’ नावाच्या प्रकल्पाने गावातल्याच प्रशिक्षित कार्यकर्त्यांमार्फत काम केले, तेव्हा नैराश्याने पीडित असून मदत घेणाऱ्यांचे प्रमाण दीड वर्षात सुमारे ४ टक्क्यांवरून २७ टक्क्यांवर गेले. अमरावतीच्या खेड्यात जे झाले ते वाशिमच्या खेड्यात होणार नाही, असे म्हणायला आधार नाही. २०२४ साली वाशिमला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. त्याच्या मनोविकार विभागाने महिन्यातून ठराविक दिवशी अनसिंगच्या सरकारी दवाखान्यात यावे, गोळ्यांचा पुरवठा खंडित होऊ नये आणि लग्न ठरविणाऱ्या, मूल होऊ देणाऱ्या जोडप्यांना तेथे सल्ला मिळावा, ही मागणी मोर्च्याची होऊ शकते.

दुसरी मागणी कामाची. रोजगार हमीचा कायदा देशात सर्वप्रथम महाराष्ट्राने १९७७ साली केला. २०१६ च्या अपंग व्यक्ती हक्क कायद्याने मानसिक आजारालाही सरकारी नोकऱ्यांतील राखीव जागांत स्थान दिले. परंतु गावात मिटलेल्या आजाराच्या माणसाला मुकादम कामावर घेत नाही, आणि घेतला तर अर्ध्या मजुरीवर घेतो. शेतमजुरांच्या संघटनेने ही अर्धी मजुरी आपला प्रश्न मानला पाहिजे. ट्रिएस्टला लढा नेमका याच ठिकाणी सुरू झाला होता.

तिसरी गोष्ट मागणीची नाही, सवयीची आहे. पुरोगामी व्यासपीठांवरूनही विरोधकाला ‘मनोरुग्ण’ म्हटले जाते, ‘याला येरवड्याला पाठवा’, ‘याला ठाण्याला पाठवा’ असे म्हणून टाळ्या घेतल्या जातात. टाळ्या वाजविणाऱ्या त्या गर्दीत कोणी तरी बहीण बसलेली असते, जिचा भाऊ खरोखरच तेथे आहे. जातिवाचक शिवी चळवळीने व्यासपीठावरून हद्दपार केली. ही शिवीही तशीच हद्दपार होऊ शकते.

चित्रपटांचे काम यानंतरचे, आणि तरीही महत्त्वाचे. ‘देवराई’ आणि ‘कासव’ गावोगाव दाखवून त्यांवर चर्चा घडविता येईल. त्यासाठी भिंत आणि चादर पुरते. मराठी लेखकांनी आणि दिग्दर्शकांनी पुढची पायरी चढावी. वऱ्हाडी बोलीत, सोयाबीनच्या राशीपाशी, दवाखान्याच्या रांगेत भेटलेल्या दोघांची कथा त्यांनी सांगावी. गोळ्यांची वेळ चुकली म्हणून दोघे भांडतील, सोयऱ्यांसमोर खरे बोलून सारी बैठक अवघडून टाकतील, कधी एखाद्याचा आजार उलटेल आणि पुन्हा बसेल. लोक पोट धरून हसतील, आणि हसताना कोणाला खाली पाहणार नाहीत.

तोपर्यंत अनसिंगमध्ये आणि अनसिंगसारख्या शेकडो गावांत एवढे सांगत राहावे लागेल की आजाराला औषध द्या, हाताला काम द्या, लग्नाआधी दोन्ही घरांना खरे सांगा. आणि त्यानंतर ज्यांना एकमेकांचे वेड लागले असेल, त्यांच्या आड येऊ नका.